कुत्रं धरा!

बर्लिनमधल्या आमच्या इमारतीच्या दाराशी बारा घंट्या आहेत आणि प्रत्येकीपुढं एकेक आडनाव. चौथ्या मजल्यावरच्या एका घंटीपुढं जे नाव आहे, ते तिथं राहणाऱ्या बाईंचं नाही. ते त्यांच्या वडिलांचं आहे. वडील फार पूर्वीच मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरमध्ये वारले. या दाराला त्यांचा पाय लागला नाही, पण पोस्टमन रोज त्यांच्याच नावाची घंटी वाजवतो.

झालं असं की मंगोलियात आडनाव लावायची पद्धत नाही. आधी वडिलांचं नाव, मग स्वतःचं, आणि हाक मारायची ती स्वतःच्या नावानं. जर्मन फॉर्मवर मात्र 'आडनाव' असा चौकोन असतो आणि तो रिकामा ठेवता येत नाही. मग वडील त्या चौकोनात जाऊन बसले. दवाखान्यात वडिलांच्या नावाचा पुकारा झाला की बाई उठून उभ्या राहतात. "पहिली दोन वर्षं मी दाराकडं बघायचे," त्या म्हणाल्या, "वाटायचं, बाबाच आलेत की काय." त्यांच्या मुलाला अर्थातच त्याच्या वडिलांचं नाव लागलं. त्यामुळं बालवाडीत आईला सतत शाबीत करावं लागायचं, की हे पोर आपलंच आहे.

मला याचं फार आश्चर्य वाटलं नाही. माझंही मधलं नाव वडिलांचं. विम्याचं एक पत्र मला वर्षभर 'श्रीयुत' म्हणून येत होतं.

आमची ओळख झाली ती मात्र दारातच. मी राहायला आले त्याला चार दिवस झाले होते. खोकी अर्धी उघडलेली, गॅस अजून जोडायचा होता. शनिवारी सकाळी बाहेर जिन्यातून कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं, "नोखोई खोर!" मी घाबरून दार उघडलं. पन्नाशीच्या, बुटक्या, गालांची हाडं वर आलेल्या एक बाई उभ्या होत्या. हातात मोठा थर्मास.

"याचा अर्थ, कुत्रं धरा," त्यांनी जर्मनमध्ये सांगितलं.

"पण माझ्याकडं कुत्रं नाहीये."

"माहितीये. पण मला अजून टकटक करायला जमत नाही."

आणि त्या आत आल्या. 'येऊ का' वगैरे काही नाही. उंबऱ्यावर पाय न देता, तो नीट ओलांडून.

पुढं त्यांनीच समजावलं. माळावर एकटा तंबू, म्हणजे त्यांचा 'गेर', आणि त्याची राखण करणारं झिपरं, दांडगं कुत्रं. पाहुणा घोड्यावरून किंवा हल्ली मोटारसायकलवरून येतो, लांबूनच ओरडतो, कुत्रं धरा! घरात कुत्रं असो वा नसो, हाक हीच. दार वाजवणं म्हणजे 'मला आत घेता का' असं विचारणं. तो प्रश्नच तिकडं गैर. घेणारच. थंडी उणे पस्तीस, पुढचं घर कुठल्या कुठं. आज त्याला चहा नाकारलात, तर उद्या तुमच्या जनावराच्या मागं भरकटलेला तुमचा पोरगा कुणाच्या दाराशी जाणार?

देशच तसा आहे. 15 लाख 64 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पाच महाराष्ट्र मावतील, आणि माणसं सगळी मिळून साधारण 35 लाख. पुणे शहर नेऊन पाच महाराष्ट्रांवर शिंपडल्यासारखं. त्यातलीही जवळपास निम्मी उलानबातरमध्येच गोळा झालेली. बाकीच्या पसाऱ्यात माणूस दिसणं हीच बातमी. म्हणून तर भेटल्यावर विचारतात, "सोनिन साइखान यू बैन?" नवं आणि छान काय? आणि उत्तर ठरलेलं असतं, "ताइवान साइखान." सगळं शांत, छान. घरात काय वाट्टेल ते चाललेलं असो.

"इथं वीस वर्षांत माझ्या दाराशी न सांगता कोण आलं सांगू? पार्सलवाला. मीटर बघणारासुद्धा पंधरा दिवस आधी कागद चिकटवतो."

ही त्यांची आवडती तक्रार. जर्मन माणूस वाईट नाही, पण त्याला भेटायला 'टर्मिन' लागतो, म्हणजे ठरलेली वेळ. येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी, साडेतीन ते पाच. सुरुवातीला एका सहकारिणीनं त्यांना कॉफीला बोलावलं, तर या आपल्या दोन मंगोलियन मैत्रिणींनाही सोबत घेऊन गेल्या. केकचे तुकडे मोजून तीन होते. यजमानीणबाईंनी न बोलता स्वतःचा तुकडा कापून दिला, आणि ते बघून यांना जमीन दुभंगावी असं झालं. तिकडं मांस शिजतं ते भांडंभर. कोण येणार हे शिजवताना माहीत नसतं.

आजोबांचा तळ अर्खांगाई प्रांतात असायचा. लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी तिकडंच. एकदा सगळे दिवसभर मेंढ्यांची लोकर कातरायला गेले होते. गेर उघडाच. संध्याकाळी परत आले तर चूल कोमट, दोन वाट्या धुऊन पालथ्या घातलेल्या आणि कपाटावर वाळवलेल्या दह्याच्या चार वड्या, त्यांच्या घरच्या नव्हेत. कुणी तरी येऊन, चहा करून, पिऊन, पुढं निघून गेलं होतं. "मग कोण होतं?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला माझाच प्रश्न बावळट वाटला. "तहानलेलं कुणीतरी."

त्या दिवशी थर्मासमध्ये होता सूतेई त्साय. दूध, पाणी, चहाच्या विटेचा चुरा आणि मीठ. पहिला घोट घेतला आणि मला वाटलं, बिचारीनं साखर समजून मीठ टाकलं. पातळ, कोमट कढीच्या जवळपास जाणारी चव. आता मला त्याची सवय झाली आहे, आवड म्हणवत नाही. त्या करताना बघायला मात्र आवडतं. पातेल्यातला चहा पळीनं हातभर उंच उचलायचा आणि धार सोडायची, परत उचलायचा. आमच्या गावचा हॉटेलवाला चहा असाच वर-खाली करायचा. पहिली पळी आपल्याला नाही. ती बाल्कनीत जाऊन आभाळाला.

त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न मला पडायच्या आत त्यांनी सोडवला होता. "मला एग्च म्हण." एग्च म्हणजे मोठी बहीण, ताई. मंगोलियात वर्षादोन वर्षांनी मोठ्या असलेल्या कुणालाही नुसत्या नावानं हाक मारत नाहीत. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखे तिकडं 'ची' आणि 'ता' आहेत. बर्लिनमध्ये दुकानातलं पोरगं त्यांना बेधडक 'दू' म्हणतं, म्हणजे 'तू', तेव्हा अजूनही कानशिलं तापतात म्हणे. मला फार चेव आला. मीही सांगून टाकलं, आमच्याकडं वडिलांना 'तुम्ही' म्हणतात, आईला 'तू'. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"आईला तू?"

मी लगेच 'आई जवळची असते म्हणून' वगैरे सारवासारव केली. पटली नाही. अजून अधूनमधून विचारतात, काय, बोललीस का आईशी, 'तू' म्हणून?

उंबऱ्याचं मात्र आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. उंबऱ्यावर पाय देऊ नये, उंबऱ्यावर बसू नये, उंबऱ्याच्या आतबाहेर उभं राहून देणंघेणं करू नये. हे माझी आजी सांगायची, त्यांचीही आजी सांगायची. फरक इतकाच की आमच्याकडं त्यावरून फार तर धपाटा मिळायचा. 1254 सालच्या जानेवारीत रुब्रुकचा विल्यम हा फ्लेमिश साधू चंगीझ खानाचा नातू मोंगके खान याच्या तळावर गेला होता, तेव्हा बाहेर पडताना त्याच्या सोबत्याचा पाय उंबऱ्याला अडखळला. चौकशी झाली. परदेशी आहे, रीत माहीत नव्हती म्हणून जिवावर बेतलं नाही, पण पुन्हा खानाच्या राहत्या घरात पाऊल टाकू दिलं नाही. ही गोष्ट एग्च अशा सांगतात की जणू मागच्या आठवड्यातली आहे. जर्मन फ्लॅटला उंबरा नसतो, एक पितळी पट्टी असते. ती त्या ओलांडतात.

गेरचं दार दक्षिणेला. आत शिरलं की समोर उत्तरेची बाजू, 'खोइमोर', मानाची. तिथं देव, फोटो, वडीलधारी माणसं. पश्चिमेला पाहुणे, पूर्वेला स्वयंपाक. मधोमध चूल आणि तिच्यावर छताचं गोल लाकडी चक्र, 'तोनो', ज्यातून धूर जातो आणि ऊन येतं. उन्हाचा कवडसा आत कुठल्या काठीवर पडलाय त्यावरून वेळ सांगायची. माणूस दक्षिणेकडं तोंड करून उभा आहे हे इतकं गृहीत, की त्यांच्या भाषेत 'बरून' म्हणजे उजवं आणि पश्चिमही, 'झून' म्हणजे डावं आणि पूर्वही. मला हे ऐकताना गंमत वाटली, कारण आपल्या 'दक्षिण'चाही एक अर्थ उजवं असाच आहे. फक्त आपले पूर्वज उगवतीकडं तोंड करून उभे होते. बर्लिनच्या दोन खोल्यांचं दार वायव्येला उघडतं. एग्चनी दुसऱ्याच दिवशी दिशांचा नाद सोडला आणि दारासमोरच्या भिंतीलाच खोइमोर मानलं. वडिलांचा फोटो तिथं आहे. शेजारी वाय-फायचा डबा, कारण वायर तिथवरच पोहोचते.

फोटोतले वडील लाइपझिगमध्ये आहेत. सत्तरच्या दशकात ते पूर्व जर्मनीत शिकायला आले होते. तेव्हा मंगोलियातून बरीच मुलं तिकडं येत. परत गेल्यावर मटण शिजताना जर्मन गाणी म्हणायचे. मुलीनं पुढं हाच देश निवडला यात त्या गाण्यांचा हात असावा, असं माझं मत. एग्चचं मत, स्कॉलरशिप मिळाली म्हणून.

थोडं अवांतर. एका संध्याकाळी भांडी घासताना मी सहज ग्रहांची नावं विचारली. त्या म्हणाल्या, "बुद, सुगर, अंगाराग, बरहासबाद, सान्चिर." माझ्या हातातून बशी निसटायची राहिली. बुध, शुक्र, अंगारक, बृहस्पती, शनैश्चर! संस्कृतातून निघून बौद्ध भिक्षूंच्या पोथ्यांबरोबर मजल दरमजल करत माळावर पोहोचलेली आपली पत्रिका. कवितेला त्या 'शुलेग' म्हणतात, तो आपला श्लोक. पण सगळ्यांत भारी 'सान्सार'. म्हणजे संसार. त्याचा अर्थ त्यांच्याकडं अंतराळ. 1981 साली गुर्रागचा हा पहिला मंगोलियन अंतराळात गेला. 1920 च्या दशकात सरकारनं कुळांची नावं बंद केली होती, ती नव्वदनंतर पुन्हा घ्यायला सांगितली, तेव्हा बऱ्याच जणांनी चंगीझ खानाचं 'बोर्जिगिन' लावून टाकलं आणि गुर्रागचानं स्वतःपुरतं निवडलं 'सान्सार'. आपण चार भांडी आणि एक गादी मांडली की त्याला संसार म्हणतो.

आणि 'नेरग्वी'. निनावी. 'एनेबिश', हा नव्हे. 'खुनबिश', माणूस नव्हे. लागोपाठ मुलं गेली की पुढच्याचं असं नाव ठेवायचं, म्हणजे वाईट शक्तींना वाटावं, इथं कुणी नाहीच. मी त्यांना दगडू आणि धोंडूची गोष्ट सांगितली. बराच वेळ दोघी काही बोललो नाही. एग्चच्या मामाचं नाव एनेबिश प्रकारातलंच.

याच मामाचा कळप 2009-10 च्या 'झुद'मध्ये गेला. आधी उन्हाळा कोरडा, मग हिवाळ्यात बर्फ इतका घट्ट की जनावराला खुरानं उकरून गवत मिळत नाही. त्या हिवाळ्यात देशभरात 80 लाखांहून अधिक जनावरं मेली. मामाकडं वसंतात अकरा मेंढ्या उरल्या. तो गेर मोडून उलानबातरच्या टेकड्यांवर आला, जिथं तंबूंची वस्तीच वस्ती आहे आणि हिवाळ्यात कोळशाच्या धुरानं समोरचं दिसत नाही. तिथं त्यानं पहिलं काय केलं असेल तर गेरभोवती फळ्यांचं कुंपण. सगळेच करतात. "आता त्याच्याकडं जाताना कुंपणाचं फाटक वाजवावं लागतं," एग्च म्हणाल्या, आणि विषय बदलला.

लोकांना वाटतं, उणे तीस-चाळीसच्या मुलखातल्या बाईला बर्लिनचा हिवाळा म्हणजे किस झाड की पत्ती. उलट आहे. त्यांच्याकडं थंडी कोरडी आणि आभाळ निळंशार, वर्षातले अडीचशेहून जास्त दिवस ऊन. बर्लिनमध्ये तापमान दोन अंश, पण आभाळ नोव्हेंबरपासून ओल्या घोंगडीसारखं डोक्यावर. त्या तेव्हा टेम्पलहोफला जातात. हा जुना विमानतळ 2008 साली बंद झाला आणि 2010 पासून सगळा माळ लोकांसाठी उघडा आहे. धावपट्टीच्या मधोमध उभं राहिलं की नजर कशालाही न थडकता लांब जाते. त्या तिथं उभ्या राहतात, काही करत नाहीत. मी पहिल्यांदा सोबत गेले तेव्हा वाटलं, चालायला आलोय. तसं नव्हतं.

पाकिटात त्यांच्या एक वाळकी काडी असते, 'आगी' नावाच्या माळावरच्या झुडपाची, आपल्या दवण्याच्याच गोतातली. चुरगाळायची नाही, नुसती हुंगायची. दुसरा वास गोवरीचा. गोवरीला ते 'अर्गल' म्हणतात, आणि घोड्याच्या लिदीला नि मेंढीच्या लेंड्यांना वेगळे शब्द आहेत. मी आजीच्या परसातल्या शेणी, त्यावरची बोटं आणि पावसाळ्यातला धूर सांगितला, तर त्यांनी तज्ज्ञासारखं विचारलं, जाळ लवकर धरायच्या का? एवढ्या जवळून मला या शहरात कुणी काही विचारलं नव्हतं.

एकदा मेट्रोत गर्दी होती. एग्चचा पाय एका उंच, काळ्या जाकिटातल्या, कानात बाळ्या घातलेल्या तरुणाच्या बुटावर पडला. त्यांनी लगेच हात पुढं केला. तो गोंधळला. त्यांनी हात तसाच धरून ठेवला. त्यांच्याकडं पायाला पाय लागला की तिथल्या तिथं हात मिळवायचा, नाहीतर वैर राहतं. शेवटी त्यानं बोटांची टोकं दिली आणि पुढच्या स्टेशनला उतरला, बहुधा त्याचं नसलेल्या. मी हसत होते. तेवढ्यात गाडीनं धक्का दिला, माझा पाय एग्चना लागला, आणि माझा हात नकळत त्यांच्या गुडघ्याला लागून माझ्या छातीशी आला. आता त्या हसत होत्या.

आता एक दुधाची गोष्ट.

मी दिवाळीला पुण्याला निघाले होते. सकाळी सहाची वेळ, खाली टॅक्सी. आमच्याकडं निघताना हातावर दही घालतात. एग्चनी वर बाल्कनीत येऊन दूध शिंपडलं. घर सोडून जाणाऱ्याच्या मागं आई दूध उडवते, वाट पांढरी व्हावी म्हणून. उलानबातरच्या विमानतळावर त्यांच्या आईनं प्लास्टिकच्या बाटलीतून उडवलं होतं. इथं पळीच्या पळी चौथ्या मजल्यावरून, माझ्या टॅक्सीच्या दिशेनं. मी मान वर करून हात हलवला. वारा होता.

तीन आठवड्यांनी परत आले तर जिन्यात एक कागद, प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलेला. प्रिय शेजाऱ्यांनो, अमुक तारखेला सकाळी सहाच्या सुमारास वरून दूध (ठळक अक्षरात) सांडल्यानं माझ्या बाल्कनीचं आणि नुकत्याच पुसलेल्या खिडक्यांचं नुकसान झालं आहे. संबंधितांनी असं करण्याचं टाळावं. पहिल्या मजल्यावरचे आजोबा. एग्चनी तो कागद वाचलाच नव्हता. सायकलींबद्दल असेल, असं त्यांना वाटलं होतं.

त्या दिवशी बूझ केले. कणकेच्या पारीत खिम्याचं सारण, वर कळ्या, मग वाफ. माझ्यासाठी कोबी-बटाट्याचे, जे त्यांच्या मते बूझ नव्हेतच. कळ्या मला चांगल्या जमतात, मोदकाचा हात आहे. पण मी सवयीनं तोंड बंद करून नाक काढते आणि त्या ओरडतात. वर भोक हवं, तोनो हवा, वाफ कुठून जाईल?

वाडगाभर घेऊन आम्ही खाली गेलो. न कळवता, अर्थात. घंटी मी वाजवली, कारण त्या ओरडायच्या बेतात होत्या. आजोबांनी दार उघडलं आणि दारातच उभे राहिले. मी माफी मागितली, दुधाचं कारण सांगायचा प्रयत्न केला. प्रवास, आई, पांढरी वाट. जर्मनमध्ये ते फार विचित्र वाटलं. आजोबांनी मान हलवली आणि वाडग्यासाठी हात पुढं केले.

एग्च देईनात. मध्ये पितळी पट्टी. तिच्यावरून देणं त्यांच्या जिवावर आलं. आजोबा आत या म्हणेनात, त्यांच्या मनातही ते आलं नसावं. हात पुढं, वाडगा मागं. जिन्यातला दिवा वेळ संपल्यावर विझला, मी परत लावला. तो दुसऱ्यांदा विझला तेव्हा आजोबांना काय वाटलं कोण जाणे, पण ते चपला फरफटत पट्टी ओलांडून बाहेर आले. एग्चनी दोन्ही हातांनी वाडगा दिला.

तीन दिवसांनी दाराच्या मुठीला कापडी पिशवी लटकलेली होती. आत वाडगा, घासून लखलखीत केलेला, आणि रिकामा. एग्चनी तो उलटा करून पाहिला. रिकामं भांडं परत करायचं नसतं, हे मला सांगावं लागलं नाही. त्यांनी डब्यातला साखरेचा एक खडा घेतला, वाडग्यात टाकला आणि तो कपाटात ठेवला. मग सोबतची चिठ्ठी माझ्याकडं दिली, चष्मा नव्हता म्हणून. मी वाचली, "मनःपूर्वक आभार. चविष्ट होते. पुढच्या वेळी कृपया आधी कळवावे."

"काय म्हणाले? पुढच्या वेळी?"

"आधी कळवा म्हणतात."

"पुढच्या वेळी म्हणालेत ना?" एग्चनी विचारलं, आणि पिठाचा डबा खाली काढला.